तिकीट कशाचं घेतलंत?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिलीत, म्हणजे मी दहा घेणार हे तुम्ही धरूनच चाला.

लेकीने शाळेच्या प्रोजेक्टला आपल्या शिकागोचं क्रॉस्बीज ऑपेरा हाउस, म्हणजे गाण्यातल्या नाटकांचं जुनं थिएटर, घेतलंय. परवा जेवताना सगळं ऐकवत होती आणि मधेच म्हणाली, "बाबा, म्हणजे लोकांना गाणं नकोच होतं?" तेव्हापासून हे डोक्यातून जातच नाहीये.

झालं असं की दारूच्या धंद्यात गब्बर झालेल्या युरेनस क्रॉस्बीने वॉशिंग्टन स्ट्रीटवर, स्टेट आणि डिअरबॉर्नच्या मधे, नुसत्या हौसेपायी हे थिएटर बांधलं. एप्रिल 1865 मधे उद्घाटन ठरलं आणि ऐन वेळी लिंकनचा खून, त्यामुळे तीन दिवस पुढे ढकलून 20 तारखेला पडदा वर गेला. हौस मोठी पण खर्च त्याहून मोठा, थोड्याच काळात क्रॉस्बी कर्जात. मग त्याने काय केलं? रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसाची सोडत! हसू नका, आपलंच नाव पुढे येणारे. पाच डॉलरचं एक अशी 2,10,000 तिकिटं, आणि पहिलं बक्षीस चक्क ते ऑपेरा हाउस. 21 जानेवारी 1867 ला सोडत निघाली, दक्षिण इलिनॉयमधल्या ली नावाच्या माणसाला लागलं, आणि त्याने काय करावं, तर 2 लाख डॉलर घेऊन ते परत क्रॉस्बीलाच विकलं! लोकांना संशय यायचा तो आलाच.

म्हणून पोरीचा प्रश्न. गाण्याची तिकिटं घ्यायला हीच गर्दी का नव्हती?

आता आपल्या मंडळाचं बघा. गणपतीच्या रॅफलला रांग, वड्यांना त्याहून लांब रांग, आणि नाटकाला "बघू, जमलं तर येतो." मीही त्यातलाच, गेल्या प्रयोगाला मध्यंतरात चहा घ्यायला गेलो तो गप्पा मारत बाहेरच राहिलो, बायको अजून ऐकवते.

त्या थिएटरमधे पुढे 1868 ला पक्षाच्या अधिवेशनात ग्रँटला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, तेव्हा म्हणे खचाखच. भाषणांना माणसं येतात हो, आज तुम्ही आलात तसे. 1871 मधे सगळं नव्याने सजवलं, 9 ऑक्टोबरला थिओडोर थॉमसच्या ऑर्केस्ट्राने पुन्हा सुरू व्हायचं होतं, आणि आदल्या रात्री शिकागो जाळणारी ती मोठी आग लागली. थॉमस मंडळी पोचली तेव्हा शहर जळत होतं. ऑपेरा हाउस काही परत उभं राहिलं नाही.

आपल्या नाटकाला आग लागायची गरजच नाही. शाळेच्या हॉलचं भाडं वाढलंय, तालमीला येणारे सगळे पन्नाशीचे, आणि प्रॉम्प्टिंगला मराठी वाचता येणारं एक पोर मी दिवाळीपासून शोधतोय.