खंडाचं रान आणि तीन वर्षांचं खत

मघाशी माझी ओळख करून देताना ‘प्रगतिशील शेतकरी’ असं म्हटलं गेलं. तिथे थोडी दुरुस्ती करते. सरकारदरबारी मी शेतकरीच नाही. बेळगावजवळ कंग्राळीच्या शिवारात, मार्कंडेय नदीच्या अलीकडे, ६० गुंठे रान मी १२ वर्षं करते आहे; पण पहाणी काढून बघाल तर माझं नाव त्यात कुठेच सापडणार नाही. पलीकडे महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, तीच आपली पहाणी. ती कन्नडमध्ये येते आणि घरातलं शाळकरी पोर ती आपल्याला वाचून दाखवतं, हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

रान खंडाने आहे, म्हणजे वर्षाच्या भाड्याने. पाडव्याला रोख पैसे मोजायचे, चहा प्यायचा, झाला करार. कागद नाही. का नाही, ते समजून घेतल्याशिवाय खंडाच्या रानातल्या भाजीपाल्याचं काहीच समजत नाही, म्हणून तिथून सुरुवात करते. आपला जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा १९४८ चा कूळ कायदा इथेही लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. मग १९६१ चा भूसुधारणा कायदा आला, आणि १९७४ च्या दुरुस्तीने तर जमीन कुळाकडे देणंच बंद झालं. सैनिकांसारखे थोडे अपवाद सोडले, तर शेतजमीन खंडाने द्यायची नाही. त्या वेळी कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरला आणि जमिनी मिळवल्या. कसणाऱ्याला न्याय मिळाला, मी त्याच्या बाजूचीच आहे. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवांच्या मनातही, कागद केला की कसणारा कूळ म्हणून जमीन मागेल, ही धास्ती अजून आहे. म्हणून मालक चिठ्ठीसुद्धा देत नाही, आणि दोन-तीन वर्षं झाली की माणूस बदलतो. २०२० च्या दुरुस्तीने शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येऊ लागली; खंडाचं कोडं मात्र तसंच राहिलं.

आता शेणखताकडे येते. भाजीपाल्याला एकरी १० टन शेणखत लागतं. माझ्या दीड एकराला १५ टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाच-सहा ट्रॉल्या. हे खत रासायनिक खतासारखं आठवड्यात लागू पडत नाही. पहिल्या वर्षी ते थोडं देतं, उरलेलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हळूहळू सुटतं. खत तीन वर्षांचं आणि रान एका वर्षाचं, सगळं दुखणं एवढंच आहे.

माझं पहिलं रान हे नव्हतं. ते वडगावच्या बाजूला होतं, काळं, चिकट. एप्रिलमध्ये बघितलं, भुलले. एप्रिलमध्ये कुठलंही रान चांगलंच दिसतं हो! जुलैत बल्लारी नाल्याचं पाणी चढलं आणि गवारीच्या ओळींमध्ये बदकं फिरायला लागली. रान घ्यायचं असेल तर आषाढात बघायला जा. पाणी कुठे थांबतं, बांध कुठे फुटतो, शेजाऱ्याचं पाणी कुणाच्या अंगावर येतं, सगळं दिसतं. त्या रानात मी सहा ट्रॉल्या खत घातलं होतं. दिवाळीनंतर वाफे उंच करून कोबी घेतला, तो बरा आला. तो बरा आला म्हणूनच पाडव्याला मालकाचा निरोप आला, औंदा आम्हीच करतो म्हणून. माझं दोन वर्षांचं खत त्यांच्या मसुरीला गेलं. रागावून काय करणार? कागद नाही.

या रानाच्या वेळी मी खंडावर घासाघीस केलीच नाही. मागतील तेवढा दिला, मागितली ती तीन वर्षं. शिवाय एक बोलणं करून घेतलं: मध्येच रान काढून घेतलंत, तर पहिल्या वर्षानंतर निम्म्या खताचे पैसे आणि दुसऱ्या वर्षानंतर पाव. मालक हसले, म्हणाले, “वैनी, शेणाचा हिशेब कोण ठेवतंय?” मी वहीत ठेवला, त्यांच्यादेखत. त्या वहीला कोर्टात किंमत नाही. गावात आहे.

दुसरी गोष्ट, पैसा घालायचा तो उचलून नेता येईल अशाच वस्तूंत. ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेता येतात, टोमॅटोचे बांबू आणि तारा नेता येतात, पंपही नेता येतो. ठिबकच्या अनुदानाचं विचारू नका, ते पहाणीवर मिळतं. नुकसानभरपाईही तशीच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझं पीक गेलं आणि भरपाई मालकाच्या खात्यावर. त्यांनी निम्मी आणून दिली. सगळेच देतात असं नाही, हे समोर बसलेल्या काही चेहऱ्यांवरून कळतंय.

आणि झाड लावायचं नाही. दुसऱ्या वर्षी मी बांधावर शेवग्याची फांदी रोवली. मालक आले, बराच वेळ बघत उभारले. म्हणाले, “मेथी लावा, कोथमीर लावा, खरं झाड नको. झाड उभारलं की माणूस उभारतंय.” मला हसू आलं, मग पटलं. फांदी काढून टाकली. सात-आठ वर्षांनी त्यांनीच एक फांदी आणून रोवली, आणि पाणी घालायचं काम मला दिलं. शेंगा निम्म्या-निम्म्या.

पिकांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माझ्याहून जास्त येतं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच घरची भावंडं आहेत. एकाच्या मुळाला मर लागली की दुसऱ्याला तिथे लावून उपयोग नाही. मी रानाचे चार तुकडे केलेत आणि ही मंडळी चौथ्या वर्षीच जुन्या जागी येतात. रान जाईल या भीतीने लोक दरवर्षी सगळीकडे टोमॅटोच लावतात आणि रान मारून ठेवतात. कोबीत चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो. त्याला बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सांगितलेला उपाय मी करते: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबी लावायच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर जातो, औषध तिथेच मारायचं. वर मोहरीचा पाला घरी खायला मिळतो, औषध मारायच्या आधीचा अर्थात.

माल गोव्याला जातो. श्रावणात तिथे मासे कमी आणि भाजी जास्त, चतुर्थीला तर काय विचारता. संध्याकाळी तोडायचं, रात्री गाडी भरायची, चोर्ला घाटातून पहाटे खाली. घाटात दरड आली की इथे भाव पडतो, म्हणून पावसाळ्यात सगळंच नाजूक घेऊ नये. एका तुकड्यात रताळी ठेवावीत, ती दोन दिवस थांबतात. उचगाव-बेळगुंदीकडच्या तांबड्या मातीत येतात तशी माझ्याकडे येत नाहीत, हे कबूल करते. पण वेल जमीन झाकतो, तण दाबतो, आणि काढणीनंतर कुणी रान परत मागितलंच तर माझं त्यात फारसं काही अडकलेलं नसतं.

प्रश्न चहानंतर घेऊ. मागच्या बाकावर ओल्या पोत्यात रताळ्याच्या वेलाचे तुकडे ठेवलेत, वीतभराहून थोडे मोठे. ज्यांना हवेत त्यांनी न्यावेत, आणि दोन दिवसांत लावावेत. डोळे वर येतील असे लावा; गेल्या खेपेला निम्म्यांनी उलटे लावले होते.