एकेचाळीस बाटल्या

(गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘लोकसहभागी सार्वजनिक कला आणि पर्यावरण’ असा विषय छापला आहे. तो वाचून मीच जरा दबकलो. मी चित्रकलेचा मास्तर. निम्मे आयुष्य पोरांचे ब्रश धुण्यात गेले. तेव्हा विषयाच्या थोरवीला दुरूनच नमस्कार करतो आणि माझ्या एका फजितीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या वेळी आम्ही देवळाच्या आवाराबाहेर आठ फुटी काळा फळा उभा केला. कल्पना उसनी होती. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात कँडी चँग या कलाकार बाईंनी २०११ साली एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, ‘मरण्यापूर्वी मला...’ एवढेच वाक्य ओळींमागून ओळींत छापले आणि पुढची जागा कोरी सोडून खडू ठेवले. जाणारे-येणारे थांबून लिहू लागले. पुढे जगभर अशा भिंती उभ्या राहिल्या. मी म्हटले, जत्रेत मरणाचे कशाला, पाण्याचे विचारू. फळ्यावर लिहिले, ‘माझ्या विहिरीचे पाणी...’ आणि पुढे कोरे.

तीन दिवसांत त्या फळ्यावर काय आले सांगतो. दोन बदाम, त्यांत बाण. एक मोबाईल नंबर. एका पक्षाची घोषणा आणि तिच्यावर दुसऱ्या पक्षाची काट. खाली बारीक अक्षरात ‘बरें आसा’. शेजारच्या खाजेवाल्याने मागच्या बाजूला खाज्यांचे दर लिहिले. फळ्यावरचा सर्वांत उपयोगी मजकूर तोच.

तिसऱ्या दिवशी सांजेला एक आजी बराच वेळ फळ्याकडे बघत उभी होती. मी खडू पुढे केला. ती म्हणाली, “मास्तर, म्हाका बरोवंक येना. बांयचें उदक हाडूं?” म्हणजे, मला लिहिता येत नाही, विहिरीचे पाणी आणू का? मी हो म्हटले, मला वाटले विसरून जाईल. अर्ध्या तासाने ती सरबताची जुनी बाटली भरून घेऊन आली. पाणी फिक्या चहासारखे. तिने ती फळ्याच्या पायथ्याशी ठेवली, पदराने पुसली आणि दिंड्यांच्या गर्दीत निघून गेली. रात्री फळा उचलायला गेलो तेव्हा तिथे सहा बाटल्या होत्या.

त्या सहा बाटल्यांनी मला जे शिकवले ते कलेच्या कुठल्या पदवीत शिकवलेले नव्हते.

लोक लिहीत का नव्हते? लिहिता येत नाही हे एकट्या आजीचे कारण. बाकीच्यांना चांगले लिहिता येत होते. पण गावात अक्षर ओळखतात हो! कुणाचा ‘ळ’ कसा आहे ते पोस्टमनपासून सगळ्यांना ठाऊक. आणि ज्या घराची विहीर आटली त्याच घरातला मुलगा खाणीवर टिप्पर चालवत होता, शेजाऱ्याचा खनिज वाहणाऱ्या बार्जवर होता. लोहखनिजासाठी खड्डा खणतात, तो भूजलाच्या पातळीखाली जातो, काही ठिकाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली. मग झरे फुटतात आणि ते पाणी पंप लावून सतत उपसावे लागते. उपसा सुरू झाला की आसपासच्या विहिरी मुकाट्याने खाली जातात. पण त्या पंपाचा पगारही त्याच वाड्यावर येत असतो. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट दिली, २०१८ मध्ये ८८ खाण लीजांचे नूतनीकरण रद्द केले. या प्रत्येक वळणावर एकाच घरात एक जण सुटकेचा श्वास टाकी आणि दुसरा कर्जाचा हप्ता मोजत बसे. अशा माणसाला तुम्ही खडू देऊन ‘मत लिही’ म्हणता. फळ्यावर लिहिणे म्हणजे बाजू घेणे. पाणी आणून ठेवणे म्हणजे फक्त पाणी आणून ठेवणे. तेवढी मोकळीक त्याला हवी असते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही फळा दिला सोडून आणि बांधली माटोळी.

इथे बसलेल्यांना माटोळी सांगायला नको, पण घाटावरचे काही पाहुणे दिसतात म्हणून सांगतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळे, वेली, शेंगा बांधतात. आसोले नारळ, सुपारीचे शिपटे, चिबूड, तोरिंग हे घरचे. कांगले, कवंडळ, शेरवड, कुड्याच्या शेंगा हे रानातले. कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धाही घेते आणि त्यांत लोक शेकड्याने जिन्नस आणतात. आपण हिला सजावट म्हणतो. माझ्या आईच्या लेखी ती रानाची हजेरी होती. ती खाली उभी राहून बोटांवर मोजायची: हे आले, ते आले, अमुक यंदा दिसत नाही, कोणी आणले नाही की मिळालेच नाही? मिळाले नाही, असे उत्तर आले की ती पुढचा प्रश्न विचारी, “तिकडचा डोंगर कापला की काय?” सांगा, पर्यावरणाविषयी नागरिकांचे म्हणणे नोंदवणारी यापेक्षा जुनी मांडणी कुठल्या संग्रहालयात आहे?

दिवाडी बेटावरचे बोंदेरां घ्या. पोर्तुगीज सरकारने वाड्यांच्या हद्दी ठरवून तिथे निशाणे रोवली, लोकांना ती हद्द मान्य नव्हती, त्यांनी दगड मारून निशाणे पाडली, असे सांगतात. ‘बांदैरा’ म्हणजे निशाण, त्यावरून नाव. आज ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथे चित्ररथ निघतात, बँड वाजतो, पर्यटक नाचतात. पण मुळात तो जमिनीच्या वादावरचा लोकांचा शेरा आहे. दिवाळीत जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याचे मी फार बोलत नाही. हल्ली त्याच्या पोटातल्या गवतापेक्षा त्याच्यामागच्या स्पीकरचा खर्च मोठा असतो.

सांगायचे एवढेच की आपल्याकडे लोकांनी गाऱ्हाणे नेहमी काहीतरी करून मांडले आहे. बांधून, पाडून, जाळून, टांगून. कोरा कागद पुढे करणे ही कचेरीची रीत.

बाहेरच्या जगात ज्यांना हे उमगले त्यांची कामे टिकली. जोसेफ बॉईज या जर्मन कलाकाराने १९८२ साली कासेल शहरात संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बेसाल्टचे सात हजार दगड आणून ओतले. अट अशी: शहरात एक झाड लागले की ढिगातला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी उभा करायचा. म्हणजे ढीग कमी करायचा असेल तर झाड लावा, दुसरा मार्ग नाही. बहुतेक झाडे ओकची. बॉईज १९८६ मध्ये वारले, शेवटचे झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले. मला यातला ढीग फार आवडतो. शहराने अजून किती करायचे बाकी आहे ते पाच वर्षे रोज, भर चौकात, मोजता येत होते. आपल्याकडे वनमहोत्सवात खड्ड्यांचा आकडा पेपरात येतो. झाडांचा येत नाही.

हेलसिंकीत २००८ साली ‘हेहे’ या कलाकार जोडीने विजेच्या कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या वाफेवर लेझरने हिरवी कड काढली. वस्तीतला विजेचा वापर कमी झाला की हिरवा ढग मोठा व्हायचा. म्हणजे तुम्ही घरातला दिवा मालवला तर आकाशात काही घडते. पॅरिसमध्ये २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडच्या हिमाचे बारा मोठे तुकडे घड्याळाच्या आकड्यांसारखे वर्तुळात मांडले. लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या, कान लावले. आपल्या उकाड्यात तसे ठेवले तर कोणीतरी कोकमच्या सरबतात घालायला फोडून नेईल, आणि त्यात गैर काही नाही.

जवळचे उदाहरण खारघरचे. जानेवारी २०२० मध्ये तिथे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुफ्फुसांचा फलक लावला होता. फुफ्फुसे हवा गाळणाऱ्या कापडाची, मागे हवा ओढणारे पंखे. काही दिवसांत ती काळी पडली. त्याआधी बंगळूर आणि दिल्लीतही असे झाले होते. साधा प्रयोग, पण मंत्र्यालाही वाचता येतो आणि पोरालाही. माझी एकच कुरकुर आहे: त्यात नागरिक फक्त बघे. हवेनेच सगळे बोलायचे, माणसांनी फोटो काढायचे. वास्कोत बंदरावरच्या कोळशाची धूळ बाल्कनीच्या कठड्यावरून बोटाने पुसून दाखवणारी माणसे आहेत. तिथे मोठा फलक लावण्यापेक्षा प्रत्येक घराने एक पांढरा रुमाल आठवडाभर कठड्यावर टांगावा आणि मग सगळे रुमाल बंदराकडून सुरू करून अंतराच्या क्रमाने एका दोरीवर लावावेत, असे माझ्या मनात फार दिवस आहे. कुठे काळे, कुठे राखाडी, कुठे पांढरे, सगळी दोरी वाचता येईल. मी केलेले नाही. कोणी करणार असेल तर दोरी माझी.

मोलेंच्या रानाबद्दल विचारणार तुम्ही, म्हणून आधीच बोलतो. २०२० मध्ये तिथल्या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि विजेची वाहिनी नेण्याचे तीन प्रकल्प एकदम पुढे आले. टाळेबंदीचे दिवस. सभा घेता येत नव्हत्या, म्हणून पोरापोरींनी चित्रे काढली. गवा, धनेश, बेडूक, फुलपाखरे. ती फोनवरून फिरली, भित्तीपत्रके झाली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर गावात हजारो लोक रेल्वेरुळांवर जमले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. आता कोणी म्हणेल, चित्रांनी खटला जिंकला. मी तसे म्हणणार नाही. खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीचा अहवाल होता, शास्त्रज्ञांची टिपणे होती, वकिलांची मेहनत होती. चित्रांनी दुसरे काम केले. मोलेंला कधी न गेलेल्या सासष्टी तालुक्यातल्या माणसाला ते रान आपल्या घरचे वाटू लागले.

मात्र या सगळ्याची एक नक्कल हल्ली फार दिसते. सेन्सर बसवलेला दिव्यांचा मासा. तुम्ही जवळ गेलात की तो निळा होतो आणि ‘सागर वाचवा’ अशी अक्षरे उमटतात. अशाच एका मांडणीच्या उद्घाटनाला मला बोलावले होते, नाव घेत नाही. मी मासा निळा केला, चहा घेतला. तिथे आलेल्या एका रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, मी विचारले, कसे वाटले? तो म्हणाला, “बरो आसा. पूण हांवें किदें सांगलें तें ताका कळ्ळें?” मी काहीतरी सांगितले ते त्या माशाला कळले का, एवढाच त्याचा प्रश्न होता. सहभाग म्हणजे हात लावला की दिवा लागणे, असे ज्यांना वाटते त्यांनी या प्रश्नाशी थोडे बसावे.

तर आमची माटोळी. बांबूची चौकट, बारा फूट बाय आठ, शाळेच्या मैदानात. वाड्यावाड्यावर सांगितले: आपल्या विहिरीचे पाणी एका बाटलीत घेऊन या, आम्ही टांगू. कामाला लागलो तेवढ्यात आमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या मास्तरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, “लाल पाणी म्हणजे खाणीचेच असे काही नाही. आपली जमीन जांभ्याची, लोह मुळातच आहे. उद्या कोणी विचारले तर तोंड कुठे लपवशील?” मला राग आला, कारण ते बरोबर होते. मग त्यांच्याच सांगण्यावरून प्रत्येक बाटलीला चिठ्ठी बांधली: वाडा, पाणी काढल्याची तारीख, विहिरीची खोली, आणि विहीर कुठल्या महिन्यात आटते. घराचे नाव नाही. शेवटचा रकाना मी सहज घातला होता. खरी गोष्ट त्यातच निघाली.

कारण एक माणूस रिकामी बाटली घेऊन आला. मी म्हटले, भाऊ, पाणी? तो म्हणाला, “तेंच सांगता न्हय.” तेच तर सांगतोय. चिठ्ठीवर महिना लिहिला, फेब्रुवारी. आम्ही ती रिकामीच टांगली. त्यानंतर रिकाम्या बाटल्या येऊ लागल्या. काही चिठ्ठ्यांवर दोन महिने असत: आधी मे, आता मार्च. वरच्या वाड्याच्या बाटल्या एका बाजूला, नदीकाठच्या दुसऱ्या बाजूला बांधल्या तेव्हा चौकटीत डावीकडून उजवीकडे पाणी वाढत गेलेले दिसत होते. ती मांडणी मी केलेली नव्हती, ती गावाच्या उताराने केली होती. वारा आला की भरलेल्या बाटल्या जड आवाज करत आणि रिकाम्या किणकिणत. टिप्पर चालवणारी पोरेही येऊन उभी राहिली. त्यांतल्या एकाने स्वतःच्या घरची बाटली सरळ बांधून घेतली, कारण ती तिरकी लोंबत होती.

एकेचाळीस बाटल्या झाल्या. चौकट उतरवायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, यांचे करायचे काय? भंगारात देववेनात. तेव्हा ती सरबताच्या बाटलीवाली आजी म्हणाली की आयतारी पंचायतीत न्याव्यात. रविवारी ग्रामसभा होती. आम्ही त्या चार खोक्यांत भरून नेल्या आणि टेबलावर एकेक मांडल्या. सरपंच काही बोलले नाहीत. सचिवांनी बराच वेळ बाटल्यांकडे पाहिले, मग आवक नोंदवही उघडली आणि पेन हातात धरून मला विचारले, “मास्तर, यात लिहू काय? अर्ज कुठे आहे?”

मी म्हटले, हाच अर्ज.

त्यांनी एकेक चिठ्ठी वाचत बाटल्या मोजल्या, रिकाम्यासुद्धा, आणि नोंदवहीत लिहिले: ‘विहिरींचे पाणी, बाटल्या ४१, चिठ्ठ्यांसह.’ पुढे आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारला.