जमिनीत मुरलेल्या तेलाची वाटचाल

श्रोतेहो, नमस्कार.

२० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, बमिजी या गावाजवळ, कच्चे तेल वाहून नेणारी नळवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल आसपासच्या रानावर सांडले. त्यातले बरेचसे उपसून, जाळून आणि माती खणून काढण्यात आले. तरीही सुमारे ४ लाख लिटर तेल वाळूत मुरले आणि भूजलापर्यंत पोहोचले. १९८३ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे संशोधक या जागेचा सातत्याने अभ्यास करत आले आहेत.

तेल खाली उतरताना वाटेतल्या प्रत्येक कणाला चिकटून थोडे थोडे मागे राहते. सांड किरकोळ असेल, तर सगळे तेल वरच्या मातीतच अडकून पडते. मोठी असेल, तर ते भूजलाच्या पातळीला टेकते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे तेथेच पसरू लागते. मात्र हा पसारा तळ्यावरच्या तवंगासारखा नसतो. वाळूच्या पोकळ्यांमध्ये तेल, पाणी आणि हवा एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणूनच ते उपसून पुरते काढता येत नाही.

खरी काळजी आहे ती त्यातून विरघळून निघणाऱ्या द्रव्यांची, विशेषतः बेंझीन या तेलातल्या कर्करोगकारक द्रव्याची. एका लिटर पाण्यात शुद्ध बेंझीन जवळजवळ १.८ ग्रॅम विरघळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा मात्र लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग, एवढीच आहे. तेलाचा थर जागच्या जागी असला, तरी हे विरघळलेले बेंझीन पाण्याबरोबर पुढे सरकत राहते.

बमिजीने येथे एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. विरघळलेली द्रव्ये पाण्याच्या वेगाने दूरवर जायला हवी होती, पण ती तशी गेली नाहीत, कारण जमिनीतले जिवाणू ती खात होते. प्राणवायू संपल्यावर हे जिवाणू खनिजांतल्या लोहाचा आधार घेतात, आणि तोही सरल्यावर मिथेन वायू तयार होऊ लागतो. हे काम अतिशय संथ चालते. इतक्या वर्षांनंतरही तेथे जमिनीखाली तेल शिल्लक आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे मांजऱ्या, म्हणजे पोकळ्या असलेला मऊसर पाषाण, तर कोठे कठीण पाषाण, असा थर विहीर खोदणाऱ्यांच्या चांगला परिचयाचा असतो. वाळूत पाणी सर्व बाजूंनी झिरपते. पाषाणात ते भेगांवाटे जाते. त्यामुळे पेट्रोलच्या भूमिगत टाकीला गळती लागली, तर जवळची विहीर स्वच्छ राहून भेगेच्या वाटेवरची दूरची विहीर नासू शकते. शेजारच्या बोअरचा जोरदार उपसाही ती वाट आपल्याकडे वळवू शकतो.

त्यात आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांमध्ये भूजलाची पातळी अनेक मीटर खालीवर होते. उन्हाळ्यात पाण्याबरोबर तेलही खाली जाते आणि वाटेतल्या मुरमाला माखून ठेवते. पावसाळ्यात चढलेले पाणी त्या माखलेल्या मुरमात शिरते आणि काही तेल पाण्याखालीच अडकते. अशा वेळी विहिरीवरचा तेलाचा थर पातळ होतो किंवा दिसेनासा होतो आणि घरची मंडळी निश्चिंत होतात, तेव्हा बेंझीन मात्र पाण्यात विरघळतच असते. म्हणून पाण्याला वास आला, तर एका ऋतूतल्या एकाच नमुन्यावर विसंबू नका. मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात नमुना तपासून घ्या. पाणी उकळल्याने ते सुरक्षित झाले असे मानू नका, आणि अशा विहिरीत दिवा किंवा विडी घेऊन कोणालाही उतरू देऊ नका, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती विहिरीतच साठून राहते.