पाण्याचा ताळेबंद मांडणारी ग्रामसभा

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. वर्षाकाठी सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस कधी ऐन जूनमध्ये दडी मारतो, तर कधी परतीच्या वाटेवर एकदम कोसळून जातो. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडत गेले, पावसासोबत माती वाहू लागली, विहिरी लवकर तळ गाठू लागल्या आणि अनेक कुटुंबांनी मजुरीसाठी गाव सोडले.

1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे 1994 पासून राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेची जोड मिळाली. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन ही सूत्रे गावाने स्वीकारली. उतारांवर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीवरचे चर, खणले गेले, नाल्यांवर बांध घातले गेले. डोंगरावर गुरे सोडण्यास मनाई झाली, मात्र विळ्याने गवत कापून आणण्याची मुभा राहिली. गोठ्यातच चारा मिळू लागल्याने दुधाचा धंदा वाढला.

बांधबंदिस्ती महाराष्ट्रातील इतरही अनेक गावांनी केली आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण आहे ते अडवलेले पाणी कोणी, किती आणि कशासाठी वापरायचे, हे ग्रामसभेत ठरवण्यात.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की 10,000 लिटर पाणी मिळते. गावाचे शिवार सुमारे 976 हेक्टरांचे आहे; म्हणजे 400 मिलिमीटर पाऊस झाला, तर जवळपास 390 कोटी लिटर पाणी या शिवारावर पडते. आकडा मोठा वाटतो खरा, पण त्यातील बराच भाग बाष्प होऊन जातो, काही ओढ्यावाटे निघून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि जे खाली मुरते तेवढेच विहिरींच्या वाट्याला येते. म्हणून पावसाळा सरला, की पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि विहिरींच्या पाणीपातळ्या ग्रामसभेपुढे मांडल्या जातात. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते. मग उरलेल्या पाण्यावर रब्बीत कोणती पिके घ्यायची आणि किती क्षेत्र भिजवायचे, हे ठरते; हाच गावाचा पाण्याचा ताळेबंद. उसासारखी भरमसाट पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत आणि शेतीसाठी बोअर पाडायचे नाही, हा गावाचा नियम आहे.

या नियमाची किंमत शेतकरी मोजतो, हे विसरता कामा नये. स्वतःच्या विहिरीत पाणी दिसत असताना, हाताशी पैसा देणारे पीक केवळ शेजाऱ्याच्या विहिरीसाठी सोडून देणे, ही साधी गोष्ट नव्हे. जमिनीखालचा झरा सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही, ही समज एकेका घरात रुजवावी लागते. शासनाचा निधी चर खणून देऊ शकतो, पण पिकावरचे बंधन गावानेच स्वतःवर घालून घ्यावे लागते.

केंद्र सरकारच्या 2019 मधील अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांच्या निवडक ग्रामपंचायतींना पाण्याचा ताळेबंद मांडण्याची अट घालण्यात आली. हा ताळेबंद दप्तरात पडून राहिला, तर विहिरींना त्याचा काही उपयोग नाही. रब्बीच्या पेरणीपूर्वी तो भर ग्रामसभेत वाचला जावा आणि कोणाच्या रानात काय पेरायचे, याची चर्चा त्याच बैठकीत व्हावी.