दह्याचा पहिला चमचा

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मांडीवर बाळं आहेत. मध्येच कुणी रडलं तर रडू द्या, मी थांबेन.

बाळ सहा महिन्यांचं झालं की आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. ‘वर्षाच्या आत वरचं दूध देऊ नका असं तुम्हीच सांगता, मग दही कसं चालतं? तेही दुधाचंच ना?’ प्रश्न अगदी रास्त आहे.

‘वरचं दूध नको’ म्हणजे आईच्या दुधाच्या किंवा फॉर्म्युलाच्या ऐवजी, पोट भरण्यासाठी, बाटल्या भरभरून गाईम्हशीचं दूध नको. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. पुढचं लोह अन्नातून मिळायला हवं, आणि गाईच्या दुधात ते नसल्यातच जमा. शिवाय त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे थोडं थोडं रक्त झिरपतं. डोळ्यांना दिसत नाही, पण महिनोन्‌महिने चाललं तर रक्त कमी होतं. त्यात आईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट प्रथिनं असतात, क्षारही जास्त, त्यांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. आता बघा, हे सगळं प्रमाणावर ठरतं. दिवसाला अर्धा लिटर दूध पिणारं बाळ आणि जेवणासोबत चार चमचे दही खाणारं बाळ, यांची गोष्टच वेगळी. म्हणून सहा महिने पूर्ण झाले, बाळ आधाराने बसायला लागलं, मान धरली, तोंडातलं अन्न जिभेने बाहेर ढकलायचं थांबलं, की दही देता येतं.

दह्याबद्दल दोन समजुती मला वारंवार ऐकू येतात. पहिली, ‘बाळाला लॅक्टोज पचणार नाही.’ लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. आईच्या दुधात ती गाईच्या दुधापेक्षा जास्त असते आणि बाळ ती पहिल्या दिवसापासून पचवत असतं. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) कमी व्हायला लागतं ते बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन वर्षांनंतर. जन्मापासूनच लॅक्टोज न पचणारी बाळं फार विरळा.

दुसरी समजूत धोक्याची आहे: ‘दूध विरजलं की त्याची अ‍ॅलर्जी राहत नाही.’ विरजणातले जिवाणू लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात. त्यांतला एक, बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली जिनिव्हात ओळखलेला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. त्याच्या जोडीला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. आंबटपणा वाढला की केसीन हे प्रथिन एकत्र येऊन दही घट्ट होतं. पण केसीन जात नाही, तिथेच असतं. अ‍ॅलर्जी असते ती या प्रथिनाची किंवा निवळीतल्या प्रथिनाची. पहिल्या वर्षात शंभरातल्या दोन-तीन बाळांना ती असते. ज्याला दूध चालत नाही, त्याला दहीही चालत नाही, हे धरूनच चाला.

म्हणून पहिला चमचा जरा जपून. सकाळची वेळ घ्या, म्हणजे पुढचे काही तास बाळ तुमच्या नजरेसमोर जागं असेल. त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ नको. बाळाला सर्दीताप नको, नुकतीच लस दिलेली नको. ताजं, अदमुरं दही वाटीत घ्या, चमच्याच्या टोकावर जेमतेम येईल एवढंच उचला आणि बाळाच्या खालच्या ओठाला लावा. चमचा आत कोंबू नका, तोंड त्याला उघडू द्या. तो चेहरा वाकडा करेल, डोळे मिटेल, अंग शहारेल. आंबट चवीला बहुतेक बाळं असंच करतात, याचा अर्थ त्याला ते आवडलं नाही असा नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर एक-दोन चमचे द्या, आणि त्या दिवसापुरतं पुरे.

पुढचे दोन तास काय बघायचं? नुसत्या हनुवटीवर, जिथे दही लागलं तिथेच, लाली आली आणि पुसल्यावर थोड्या वेळात गेली, तर ती बहुधा आंबटपणामुळे. पण अंगावर इतरत्र गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, उलट्या झाल्या, तर दही बंद करून डॉक्टरांना दाखवा. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, बाळ मलूल झालं, तर घरी वाट बघत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. एक प्रकार उशिरा येतो: एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात, बाळ पांढरंफटक आणि लुळं पडतं. तेव्हाही हेच करा. शीतून रक्त पडलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं. फॉर्म्युला पिणाऱ्या बहुतेक बाळांना गाईच्या दुधातली प्रथिनं आधीच माहीत झालेली असतात, त्यांच्या बाबतीत ही धास्ती कमी.

दही कुठलं? साधं, सायीच्या दुधाचं. दोन वर्षांपर्यंत स्निग्धांश काढून टाकलेलं दही देऊ नका. वाढत्या मेंदूला आणि अंगाला तो लागतो. दूध उकळलेलं किंवा पाश्चराइज्ड हवंच. विकतच्या दह्यावर बाळाचं चित्र असलं तरी डबा उलटा करून वाचा. साध्या दह्यातही १०० ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम साखर लिहिलेली दिसेल, ती लॅक्टोज आहे, घाबरू नका. फळाच्या स्वादाच्या डब्यावर तोच आकडा दहा-बारा दिसला तर वरची बरीचशी साखर घातलेली असते. गोडी हवी तर पिकलेलं केळं कुस्करा. आणि मध? वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, त्याने स्नायू लुळे पडतात.

आता मला मनापासून काळजी वाटते ती गोष्ट सांगतो. दही फार सोपं असतं. चावावं लागत नाही, पटकन गिळलं जातं, बाळ खूश, आपणही खूश. हळूहळू ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी येतं. मग डाळी, अंडं, मांस, लोह घातलेली तृणधान्यं मागे पडतात, आणि नेमकी लोहाची गरज वाढलेली असताना बाळ लोह नसलेल्या अन्नाने पोट भरतं. शिवाय आठव्या-नवव्या महिन्यात बाळाने जिभेने गुठळी फिरवायला, हिरड्यांनी चिरडायला शिकायचं असतं. दह्यातून ते शिकता येत नाही. म्हणून सुरुवातीला दिवसातून एकदा, काही चमचे, फार तर छोटी अर्धी वाटी, आणि शक्यतो लोहाच्या जेवणाबरोबर नाही, वेगळ्या वेळी. वाटीत बाळाचा उष्टा चमचा गेला असेल तर उरलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.

(श्रोत्यांतून: थंड दह्याने सर्दी होत नाही का?)

सर्दी विषाणूंमुळे होते, दह्याने नाही. फार गार वाटलं तर वाटी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा.

(श्रोत्यांतून: शेंगदाणा दह्यात मिसळून द्यायचा म्हणतात, खरं का?)

हो. २०१५ साली लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा दिला, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो. दही पचतंय, चालतंय याची खात्री झाली की अगदी मऊ वाटलेला पाव चमचा शेंगदाणा दह्यात पातळ कालवून द्यायचा, पुन्हा तीच सकाळची वेळ, तीच नजर. पण तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला हे घरी आपल्या आपण सुरू करायचं नाही, आधी तपासणी लागते. असं बाळ कुणाचं असेल तर जाण्याआधी इथे पुढे येऊन मला भेटा.