सोललेलं संत्रं का बुडलं?

दृश्य : वर्गाच्या मधोमध पाण्याने भरलेला मोठा पारदर्शक डबा. भोवती मुलांची डोकी.

डिसेंबर. नागपुरात एकाच वेळी दोन गोष्टी येऊन थडकल्या आहेत. आंबिया बहाराची संत्री आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. संत्र्यांच्या हातगाड्यांनी रस्ते भरलेत, अधिवेशनाच्या बॅरिकेडनी अडलेत. या दोन्हींतून वाट काढत चौथीच्या मॅडम शाळेत पोचल्या, तेव्हा त्यांच्या स्कूटीच्या हुकाला दोन डझन संत्री लटकत होती.

जुन्या वस्तीतली ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. वर्गात तीसेक मुलं. बाक भिंतीकडे सरकवले आहेत. फळ्यावर दोनच रकाने आहेत : ‘तरंगेल’ आणि ‘बुडेल’.

मॅडम विचारतात, संत्रं पाण्यात सोडलं तर काय होईल? हात वर होतात. अंदाज फळ्यावर लिहिले जातात, नावासकट. नाव लिहिलं की माघार घेता येत नाही, आणि मुलांना ते बरोबर कळतं. संत्रं पाण्यात पडतं, एक गोता खातं आणि वर येऊन तरंगत राहतं. ‘तरंगेल’वाल्यांचा जल्लोष.

आता दुसरा प्रश्न. हेच संत्रं सोलून टाकलं तर?

या वेळी वर्गात जवळजवळ एकमत आहे. साल काढली म्हणजे वजन कमी झालं. वजन कमी झालं म्हणजे आणखी छान तरंगणार. फळ्यावरचा ‘बुडेल’चा रकाना जवळपास रिकामा. सोललेलं संत्रं पाण्यात जातं आणि सरळ तळाला जाऊन बसतं.

“अबे, बुडला!”

“मॅडम, सोलला तं हलका झाला न? मंग काऊन बुडला?”

मॅडम उत्तर देत नाहीत. खरं सांगायचं तर या चित्रफितीत पाहण्यासारखं मुख्य तेच आहे. डबा, पाणी, संत्री कुठेही मिळतील. उत्तर ठाऊक असताना गप्प बसणारी शिक्षिका त्या मानाने दुर्मीळ. त्या फक्त एवढंच म्हणतात, “तुला काय वाटते?” आणि ज्याने विचारलं त्याच्याच हातात साल देतात.

दृश्य : पाण्याखाली दाबलेली साल. सालीतून सुटणारे बारीक बुडबुडे.

पुढची वीस मिनिटं वर्गात गोंगाट आहे. कुणी नुसती साल पाण्यात टाकून बघतो. ती तरंगते. कुणी ती पाण्याखाली धरून चुरगळतो, बुडबुडे येतात. “सालीत हवा हाये!” हे मागच्या कोपऱ्यातून येतं. कोण म्हणालं ते आम्हाला कॅमेऱ्यात सापडलं नाही.

उत्तराच्या दिशेने वर्ग असा पोचतो. सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. शिवाय नागपुरी संत्र्याची साल सैल, तिच्या आणि फोडींच्या मध्येही पोकळी राहते. साल काढल्यावर वजन घटतं हे मुलांचं म्हणणं खरंच होतं. पण जागा त्याहून जास्त घटते. उरतात त्या रसाने भरलेल्या, साखर विरघळलेल्या फोडी. त्या तेवढ्याच पाण्यापेक्षा किंचित जड भरतात. चौथीच्या पुस्तकात घनता हा शब्द नाही आला तरी चालतो. हवा काढली तर बुडतं, इथपर्यंत मुलं आपल्या पायांनी आलेली असतात.

आणि मग घोळ होतो. एक सोललेलं संत्रं तरंगतं.

मॅडमच्या टाचणवहीत हे नव्हतं. त्या तसं बोलूनही दाखवतात, “असं काऊन झालं, मला पण नाही माहीत. कापून बघू.” कापल्यावर दिसतं की फळ आतून सुकलेलं, फोडी पोचट आणि मधला गाभा मोठा, पोकळ. म्हणजे हवा इथे सालीत नव्हती, पोटात होती. नियम मोडणाऱ्या या एका संत्र्याने तो नियम मुलांच्या डोक्यात जितका पक्का बसवला, तितका बाकीच्या तेवीस शहाण्या संत्र्यांनी बसवला नसता. फक्त नियमाप्रमाणे वागणारं साहित्य घेऊन ‘प्रयोग’ दाखवणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

संत्री खायची, पण आधी फोडी मोजायच्या. बहुतेकांत दहा किंवा अकरा निघतात, काहींत नऊ, काहींत बारा. प्रत्येकाने आपल्या आकड्याच्या रांगेत जमिनीवर सालीचा एक तुकडा ठेवायचा. पाच मिनिटांत फरशीवर नारिंगी रंगाचा स्तंभालेख तयार. दोघांत एक संत्रं वाटताना अकरा फोडींवरून भांडण होतं, ते वेगळं. इथे एका सरांनी सुचवलं होतं की संत्र्यावरूनच अपूर्णांक शिकवा. मॅडमचं मत ठाम आहे, संत्र्याने अपूर्णांक शिकवू नये. एकाच संत्र्यातल्या फोडी लहानमोठ्या असतात आणि अपूर्णांकाची पहिली अट म्हणजे भाग सारखे हवेत. त्यासाठी कागदाची पट्टी दुमडलेली बरी.

दृश्य : शाळेचं कार्यालय. लोखंडी कपाट, त्याला कुलूप.

हाताने शिकणं ही नवी टूम आहे असं अनेकांना वाटतं. नागपूरकरांना तरी वाटू नये. इथून पंचाहत्तर किलोमीटरवर वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीमची योजना पुढे आली. आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने केला. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. टकळीवर सूत काढायचं, तार मोजायचे, त्यातूनच हिशेब, कापसाची माहिती, भूगोल. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च भागावा या कल्पनेवर तेव्हाही वाद झाले आणि ते रास्त होते. पण हाताला काम दिलं की डोकं आपोआप मागे पडतं, हा समज त्या प्रयोगाने खोडून काढला.

साहित्याच्या बाबतीत बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांचं उदाहरण अधिक जवळचं. माँटेसरींची पद्धत त्यांनी घेतली, पण त्यातली महागडी साधनं बोर्डीच्या आणि पुढे कोसबाडच्या मुलांपुढे जशीच्या तशी ठेवली नाहीत. तिथे खडे, शिंपले, पानं, बिया आल्या. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून तीस वर्षं सहावी ते आठवीच्या वर्गांत प्रयोगातून विज्ञान शिकवलं गेलं. त्या कामाशी जोडले गेलेले अरविंद गुप्ता सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन देशभरच्या शाळांत गेले. काड्यांचा चौकोन डुगडुगतो, त्रिकोण हलत नाही. यापुढे रेल्वेच्या पुलाकडे पाहताना मुलाला काहीतरी वेगळं दिसतं.

मग हे कुलूपबंद कपाट कशाला?

यात गणित पेटी आहे, मण्यांची माळ आहे, भिंगं आहेत. सगळं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवलेलं. मणी हरवला, भिंग फुटलं तर उत्तर शिक्षकाने द्यायचं. त्यामुळे साहित्य पाहुणे आले की बाहेर येतं आणि पाहुणे गेले की आत जातं. याला कुणा एका शाळेचा दोष म्हणता येणार नाही, ही पद्धत सगळीकडची. पण मुलांच्या हातून झिजलेल्या वस्तूबद्दल शिक्षकाला जाब द्यावा लागत असेल, तर वस्तू नव्या कोऱ्या राहणार हे उघड आहे. या शाळेत त्यावर साधा उपाय झाला आहे. वर्गात वापरायचं ते सगळं फुकटचं किंवा फेकण्यातलं. रजिस्टरला चढवण्याच्या लायकीचं काही ठेवलंच नाही.

दृश्य : दुसरीचा वर्ग. जमिनीवर झाडूच्या काड्या, रबर बँड.

शेजारी दुसरीत वजाबाकी चालली आहे. ५२ मधून २७ जायचे आहेत. या मुलीने वहीत ३५ लिहिलंय. तिचं बरोबर आहे, म्हणजे तिच्या परीने. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, एवढंच तिने पकडलं आहे. तिला चूक म्हणून लाल फुली मारता आली असती. तिच्यासमोर काड्या ठेवल्या गेल्या. दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या.

ती दोन जुड्या बाजूला सारते. आता सात सुट्या हव्यात, आहेत दोनच. ती बाईंकडे बघते. बाई हजेरीपटात काहीतरी शोधत असतात, निदान तसं दाखवतात. मुलगी एक जुडी उचलते, ठेवते, पुन्हा उचलते. आणि रबर बँड काढते.

पंचवीस उरतात. ती दोनदा मोजते. मग वहीतले ३५ खोडते.

‘हातचा’ ही गोष्ट आपण सगळे शिकलो, पण तो येतो कुठून हे किती जणांना दिसलं होतं? तिने तो स्वतःच्या बोटांनी सोडवला. मात्र एक सांगायला हवं. नुसत्या काड्या खेळून गणित येत नाही. प्रत्येक जुडी सोडताना वहीत काय बदललं, हे त्याच क्षणी लिहून घ्यावं लागतं, नाही तर काड्या काड्यांच्या जागी आणि आकडे आकड्यांच्या जागी राहतात. या वर्गात बाई ते न चुकता करून घेतात.

जुड्यांचा आणखी एक फायदा मराठी मुलांना होतो. आपल्याकडे तेवीस म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना दोन. त्यामुळे २३ चे ३२ होणं रोजचं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचन सुचवलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, अगदी विधिमंडळापर्यंत. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारणं सांगितली, पण विनोदच जास्त फिरले. तो वाद घटकाभर बाजूला ठेवू. दोन जुड्या आणि तीन सुट्या समोर असल्या की मूल त्याला काहीही म्हणो, ३२ लिहीत नाही.

दृश्य : शाळेचं पटांगण. दुपार. उभी काठी, शेजारी ओळंबा.

२२ डिसेंबर. पुन्हा चौथीचा वर्ग, या वेळी बाहेर. एक मीटरची काठी, ती सरळ उभी आहे का हे तपासायला एका मुलाने गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचा ओळंबा आणलाय. त्याचा आज जरा जास्तच रुबाब आहे.

सूर्य बारा वाजता डोक्यावर येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पावणेबारापासून मुलं सावलीच्या टोकावर खडूने खूण करतायत. बारा वाजतात. सावली अजून आखडतेच आहे. बारा पाच. अजून आखडतेय. सगळ्यात आखूड खूण पडते ती बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास. “मॅडम, घड्याळ पुढे हाये तुमचं!”

घड्याळ बरोबर आहे. ते भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ दाखवतं. नागपूर त्याच्या साडेतीन अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे चौदा मिनिटं उशिरा माथ्याच्या रेषेत येतो. तारखेप्रमाणे यात थोडा फरक पडतो, आज तो दोनेक मिनिटं अलीकडे आहे.

आणि सावलीची लांबी? कुणी ९७ सेंटिमीटर सांगतं, कुणी ९९, कुणी १०१. सावलीचं टोक दीड-दोन सेंटिमीटर पुसटच असतं, त्यामुळे नेमकं कुठे मोजायचं यावर बरीच हुज्जत होते. पण एवढं सगळ्यांना मान्य आहे की काठी जेवढी, सावली जवळजवळ तेवढीच. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी सूर्य नागपूरच्या आकाशात जवळजवळ अर्ध्यावर, पंचेचाळीस अंशांच्या आसपास येऊन थांबतो. नागपूरच्या अक्षांशाची ही देणगी. मुंबईतही उत्तर फार दूर जात नाही, पण दिल्लीच्या शाळेत सावली काठीपेक्षा बरीच लांब निघेल.

सूर्य खरोखर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, असे दिवस नागपूरला वर्षात दोनच. पहिला २६ मेच्या सुमारास, तेव्हा शाळेला सुट्टी आणि पटांगणात उभं राहण्याची कुणाची छाती नाही. दुसरा जुलैच्या मध्यात, तेव्हा ढग. म्हणून डिसेंबर.

दृश्य : वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेला मोठा कागद. त्यावर नावं आणि आकडे.

पुढचं मोजमाप संक्रांतीनंतर, १६ जानेवारीला. सावली तोवर किती होईल? अंदाज भिंतीवर लागले आहेत. पन्नासपासून एकशे वीसपर्यंत. एकाने शंभर लिहिलंय, कारण “महिनाभरात काय फरक पडून राहिला?” हिशेब केला तर उत्तर ९० आणि ९१ सेंटिमीटरच्या मधे येतं. शिवाय सगळ्यात आखूड सावली तेव्हा बारा बाराला पडणार नाही, बारा तेवीसच्या आसपास पडेल. मुलं बारा बाराची खूण करून आत गेली, तर ती हुकणार.

हे मॅडमना माहीत आहे. त्यांनी वर्गात सांगितलेलं नाही आणि आम्हालाही बजावलं आहे, की ही चित्रफीत मुलांना १६ तारखेच्या आधी दाखवायची नाही.