गोणीचं वजन कोण ठरवतं?

वाशीच्या घाऊक धान्य बाजारात ट्रक गाळ्याला लागला, फाळका उघडला, की हमालांची टोळी कामाला लागते. दोघं ट्रकमध्ये चढतात. गोणीचे कान धरून ती काठावर आणतात. खालचा गडी पाठ देतो, गोणी मानेखाली नीट बसली का ते खांद्यानंच चाचपतो, एक हात मागे नेऊन कान पकडतो आणि निघतो. आत थप्पी लागते आहे. पन्नास किलो उतरले, की लगेच माघारी. पुढची गोणी वाट पाहते आहे.

आता थप्पीजवळच्या माणसाकडे बघा. थप्पी कंबरेइतकी असते तोवर गोणी नुसती सरकवायची असते. छातीच्या वर गेली की तीच गोणी हात लांबवून, अंगाला पीळ देऊन वर ढकलावी लागते. कंबरेचे स्नायू मणक्याला अगदी लागून असतात, जेमतेम काही सेंटिमीटरवर. ओझं मात्र हातभर पुढे. त्यामुळे हातात पन्नास किलो असले, तरी मणक्यावर येणारा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. त्यात पीळ पडला, की मणक्यांमधल्या चकतीवर एका बाजूनं जोर येतो. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संशोधन संस्थेचं सूत्र म्हणतं, की सगळं अनुकूल असलं, ओझं अंगाजवळ आणि धरायला सोपं असलं, तरी मर्यादा २३ किलोची. आपली गोणी त्याच्या दुपटीहून जड आहे.

एके काळी शंभर किलोची पोती सर्रास पाठीवरून जायची. ती निम्म्यावर आली, हे हमालांनी लढून मिळवलेलं आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची संघटना उभी केली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यानं या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. एका दुकानाचा नसलेल्या माणसाला या कायद्यानं हक्क दिले.

पण याच रचनेआड मालक लपतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. कंबर धरली म्हणून एखादा हमाल बसला, की गाळ्यावर उत्तर मिळतं: तो मंडळाचा माणूस, आम्ही लेव्ही भरतो. लेव्ही भरली म्हणजे पाठीची जबाबदारी संपली का? गोणी किती किलोची शिवायची, थप्पी किती उंच लावायची, ट्रक आणि गाळा यांच्यामध्ये धक्का बांधायचा की नुसती फळी टाकायची, यातलं काहीच हमाल ठरवत नाही. माथाडी कायद्याखालच्या योजनेत कामाच्या जागेवरच्या आरोग्य आणि सुरक्षेच्या उपायांची सोय करता येते. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३४ तर सरळ सांगत होतं, की इजा होईल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला लावायचं नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवायची ती मालकानं. ओझ्याच्या कमाल वजनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६७ चा. भारतानं त्याला मान्यता दिली २०१० मध्ये. त्याच्या जोडीची शिफारस प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो सांगते. पन्नासची गोणी त्या आकड्यात बसते खरी, पण तो आकडा एका गोणीचा आहे. दिवसभरात अशा किती गोणी पाठीवरून जातात, याचा हिशोब त्यात कुठेच नाही.

भरपाईचंही तेच. फळीवरून पाय घसरला, हाड मोडलं, तर तो अपघात. कागद होतात. पण वर्षानुवर्षं झिजत गेलेल्या कंबरेला अपघाताची तारीख नसते. मग लोक म्हणतात, वय झालं.

भिंतीवर ‘पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाका’ असा फलक लावणं सोपं आहे. ट्रकच्या काठावरून पाठीवर येणाऱ्या गोणीला गुडघ्यात वाकून काय करणार? त्यापेक्षा ट्रकच्या उंचीचा धक्का बांधा. हातगाडी द्या, लांबच्या गोदामात सरकता पट्टा बसवा. थप्पी खांद्यापर्यंत थांबवा. फरशी कोरडी ठेवा. वर्षातून एकदा तपासणी करा, तीही मालकाच्या खर्चानं.

आणि गोणी तीस किलोची करा. इथे हमालच आधी बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं रास्त आहे. हमाली नगावर मिळते. वजन घटलं म्हणून दर घटला, तर तेवढ्याच पैशांसाठी खेपा वाढणार. पट्टा आला तर टोळीतली माणसं कमी होतील, ही धास्ती वेगळीच. म्हणून वजन, थप्पीची उंची, यंत्र आल्यावरची मजुरी आणि टोळीतली माणसं, हे सगळं एकाच करारात लिहिलं गेलं पाहिजे. संघटना, व्यापारी आणि मंडळ हमालीच्या दरासाठी बोलणीला बसतातच. या बाबी त्याच बैठकीत, दराच्या आधी घ्याव्यात.